अरबी समुद्रात उतरण्याआधी: हवामानाचा अंदाज कोणत्या क्रमानं वाचायचा

कोकण किनाऱ्यावर आज प्रत्येकाच्या फोनमध्ये समुद्राचा अंदाज असतो, तरीही दर मोसमात त्याच त्या चुकांमुळे होड्या अडचणीत येतात. फक्त वारा बघितला जातो, फक्त निघायची वेळ बघितली जाते आणि अंदाज बघून झाल्यावर ‘एवढं चालेल की’ असं ठरतं. माझ्या मते चूक इथेच होते, क्रमाची. आधी आपली मर्यादा, मग इशारे, मग आकडे, आणि प्रत्येक आकडा परतीच्या वेळेचा. हा लेख लहान यांत्रिक नौका, फायबर होड्या आणि शिडाच्या बोटी चालवणाऱ्यांसाठी आहे, पण ट्रॉलरच्या तांडेलालाही यातलं बरंचसं लागू पडतं.

## १. आधी वहीत मर्यादा लिहा

अंदाज उघडण्यापूर्वी चार ओळी लिहायच्या: सरासरी वारा किती नॉटपर्यंत चालेल, झोत (मधेच येणारे जोराचे झपाटे) किती चालतील, लाट किती मीटर, आणि अंधार पडायच्या किती आधी बंदरात हवं. हे कागदावरच हवं. मनात ठेवलेली मर्यादा डिझेल भरून झालं, बर्फ चढला आणि माणसं जेटीवर जमली की आपोआप सैल होते.

सहा-सात मीटरच्या उघड्या फायबर होडीसाठी माझ्या वहीत असं आहे: सरासरी वारा १५ नॉट, झोत २० नॉट, एकूण लाट १.२५ मीटर. लाटेचा कालावधी (लागोपाठच्या दोन माथ्यांमधला वेळ) १२ सेकंदांच्या वर असेल तर खाडीच्या तोंडासाठी मर्यादा ०.८ मीटर. तुमची होडी, इंजिन आणि खलाशांचा अनुभव बघून तुमचे आकडे वेगळे येतील. एक आकडा जरी ओलांडला तरी जायचं नाही. ‘वारा जास्त आहे पण लाट कमी आहे’ अशी वजाबाकी करत बसायचं नाही.

तपासा: सोबत नवखी माणसं असतील तर प्रत्येक आकडा एक पायरी खाली आणला का?

## २. महिना बघा

१ जून ते ३१ जुलै हा पश्चिम किनाऱ्यावरच्या केंद्राच्या मासेमारी बंदीचा काळ. राज्याचा आदेश दर वर्षी स्वतंत्र वाचावा. बंदी उठली म्हणजे समुद्र निवळला असं मात्र नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सप्टेंबरपर्यंत जोरात असतात आणि ऑगस्टमध्ये तीन मीटरच्या लाटा काही नवलाच्या नाहीत.

चक्रीवादळांचे दोन मोसम: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबर ते मार्च या काळात अरबस्तानाकडचा ‘शमाल’ वारा उठला की त्याच्या लाटा वायव्येकडून थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. इथे वारा पडलेला आणि पाणी मात्र हलतंय, याचं एक कारण ते असतं.

## ३. माहिती या क्रमानं उघडा

पहिल्यांदा भारतीय हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा. त्यानंतर त्याच विभागाचं किनारी हवामान पत्रक, ज्यात किनाऱ्यापासून ७५ किलोमीटरपर्यंतचं पाणी येतं. त्यापलीकडे जायचं असेल तर खोल समुद्राचं पत्रक वेगळं असतं. तिसरी पायरी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा, म्हणजे महासागराची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा, सागरी स्थितीचा अंदाज: लाट, स्वेल (दूरच्या वादळातून आलेली लांब लाट), कालावधी, दिशा, प्रवाह. रंगीत नकाशांचं ॲप सगळ्यात शेवटी.

बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात. ॲपमधला निळा-हिरवा नकाशा बघून मन तयार होतं आणि मग इशारा वाचला तरी तो ‘नेहमीचाच’ वाटायला लागतो. ॲपमागचं मॉडेल काही किलोमीटरांचा एकेक चौकोन धरून हिशोब करतं. काही मॉडेलांचा चौकोन नऊ किलोमीटरचा, काहींचा २५ च्याही वर. तुमच्या खाडीचं तोंड, त्यातली वाळूची पट्टी, शेजारचा कातळ यांपैकी काहीच त्याला दिसत नाही. एखाद्या ढगाखालची अर्ध्या तासाची वावटळही दिसत नाही.

इशाऱ्याचे रंग ठरलेले आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण मच्छीमारांच्या इशाऱ्यात ‘समुद्रात जाऊ नये’ असं लिहिलं असेल तर रंग शोधत बसू नका. बेत तिथेच संपला.

सावधान, वेळ: पत्रकांत आणि काही ॲपमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवा. ०६०० म्हणजे आपले सकाळचे ११:३०, १२०० म्हणजे संध्याकाळचे ५:३०. ‘दुपारी बारानंतर वारा वाढेल’ असं समजून निघालेला माणूस प्रत्यक्षात संध्याकाळचा अंदाज वाचत असतो.

## ४. वाऱ्याचा आकडा: एकक, दिशा, झोत

एकक आधी बघा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. सेकंदाला मीटरमध्ये दिलेला आकडा दुप्पट केला की जवळपास नॉट मिळतात. ॲपमध्ये ‘१२’ दिसतं आणि ते किलोमीटर समजून माणूस खूश होतो. ते सेकंदाला १२ मीटर असतील तर वारा २३ नॉटचा आहे, म्हणजे लहान होडीनं बंदरातच थांबायचा.

इशाऱ्यातलं नेहमीचं वाक्य असं असतं: ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे सोसाट्याचे वारे, झोत ६५ पर्यंत. नॉटमध्ये हे २४ ते ३०, झोत ३५. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. १५ चा वारा ३० झाला की होडीवरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो.

दिशेचा गोंधळही नेहमीचा. वारा ज्या बाजूनं येतो ती त्याची दिशा, प्रवाह ज्या बाजूला जातो ती त्याची. वायव्येचा वारा वायव्येकडून येतो, दक्षिणेचा प्रवाह दक्षिणेकडे जातो. नकाशातल्या बाणाचा अर्थ कोपऱ्यातल्या खुणेवरून एकदा पक्का करून घ्या.

किनाऱ्याजवळ वाऱ्याचं रोजचं वेळापत्रकही असतं. पहाटे जमिनीकडून मतलई वारा, सकाळी उशिरा शांतता, दुपारी समुद्राकडून खारा वारा. फेब्रुवारी ते मे हा खारा वारा वायव्येकडून दुपारी तीन ते पाचच्या सुमाराला चांगलाच जोर धरतो. पहाटेचं आरशासारखं पाणी बघून दुपारचा अंदाज बांधू नका.

## ५. लाट: उंचीच्या शेजारचा आकडाही वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

अंदाजात दिलेली उंची ही सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर दोनेक तासांत जाणाऱ्या हजार लाटांमध्ये एखादी पावणेतीन मीटरच्या आसपासची येणारच. तिला अपवाद म्हणू नका, ती हिशोबातच धरलेली आहे. पत्रकातल्या शब्दांनीही फसू नका. ‘मॉडरेट’ ऐकायला मवाळ वाटतं, पण त्याचा पल्ला १.२५ ते २.५ मीटर आहे. ‘रफ’ २.५ ते ४, ‘व्हेरी रफ’ ४ ते ६.

आता कालावधी. दोन लाटांच्या माथ्यांमधलं सेकंदातलं अंतर म्हणजे कालावधी. खोल पाण्यात त्याचा वर्ग करून १.५६ ने गुणला की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, पंधरा सेकंदांची ३५० मीटर. दोन्हींची उंची एकच मीटर असली तरी दोन वेगळी जनावरं आहेत.

सहा सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्यानं उठवलेली, आखूड आणि उभी. ती होडी आपटते, अंग भिजवते, वेग खाते. पण ती समोर दिसते, म्हणून माणूस सावध असतो. पंधरा सेकंदांची लाट ही स्वेल, दूरच्या वादळातून सुटून आलेली. खोल पाण्यात ती जाणवतही नाही, होडी सावकाश वर जाते, सावकाश खाली येते. पण लाटेला तळ लागायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणजे ही लाट १७५ मीटर खोलीपासूनच तळ चाचपत येते, उथळ पाण्यात आखडते, उंच होते आणि वाळूच्या पट्टीवर फुटते. ढोबळ नियम असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या १.३ पटीवर आली की लाट फुटते. दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात फुटणार.

पंधरा सेकंदांची स्वेल दिवसाला साधारण हजार किलोमीटर कापते. दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा पाच-सहा दिवसांनी आपल्याकडे येतात, आणि तेव्हा इथे निळं आभाळ असतं. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. एप्रिल-मेमध्ये इन्कॉइस उंच लाटांचा इशारा देतं आणि लोक आभाळाकडे बघून तो हसण्यावारी नेतात. त्या इशाऱ्याचा तुमच्या आभाळाशी काही संबंधच नसतो.

वाऱ्याची लाट आणि स्वेल वेगवेगळी दिली असेल तर सरळ बेरीज करू नका. दोन्हींचे वर्ग मिळवा आणि वर्गमूळ काढा. दीड मीटर आणि दोन मीटर मिळून अडीच मीटर होतात, साडेतीन नाही. दोन्ही वेगळ्या दिशांनी येत असतील तर मात्र अडीचचा आकडाही दिसतो त्यापेक्षा वाईट, कारण होडीचं तोंड कुठल्या लाटेला द्यायचं हेच ठरत नाही.

तपासा: उंची, कालावधी, दिशा हे तिन्ही आकडे वहीत उतरले का? कालावधीचा रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

## ६. भरती-ओहोटी आणि खाडीचं तोंड

बाहेरचा समुद्र सोसला आणि दारात फसलो, असं किनाऱ्यावर पुष्कळदा घडतं.

एका मे महिन्यात पौर्णिमेच्या दिवशी आम्ही वाशिष्ठीच्या तोंडाशी साडेतीनला पोचलो. बाहेर वायव्येचा खारा वारा पंधराच्या आसपास, लाट मीटरभर, मर्यादेत बसणारी. पण आतून उधाणाच्या ओहोटीचं पाणी गढूळ पट्ट्यासारखं बाहेर पडत होतं आणि त्या पट्ट्याच्या कडेला लाटा उभ्या राहत होत्या. माथ्यावर पांढरी धार, दोन लाटांच्या मधली जागा होडीपेक्षाही कमी. निळ्या पाण्यात जी लाट आम्हाला हलकेच उचलत होती, तीच चॉकलेटी पाण्यात भिंतीसारखी यायला लागली. आम्ही मागे वळलो, बाहेर खोल पाण्यात इंजिन हळू ठेवून अडीच तास काढले आणि ओहोटी मंदावल्यावर आत आलो. चूक आमचीच होती. परतीची वेळ आम्ही पाण्याप्रमाणे नाही, तर जेवणाप्रमाणे ठरवली होती.

हा योग कोकणात ठरलेलाच आहे. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणजे बारा ते सहा ओहोटी, आणि तिचा सगळ्यात जोराचा ओघ तीनच्या सुमाराला, नेमका खारा वारा भरात असताना. वाहतं पाणी एका बाजूला आणि वारा समोरून, मग लाट आखडते आणि उभी राहते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला उलट होतं. पाण्याचा ओघ मुळातच कमी, आणि दुपारी पाणी आत येत असतं. परतायला हे दिवस सोपे.

जुनी मंडळी तिथीच्या पाऊणपटीनं भरतीची वेळ काढतात: अष्टमी असेल तर साधारण सहा, पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. पडताळा म्हणून हा हिशोब चांगला. नियोजन मात्र तुमच्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरच करा, कारण एकाच किनाऱ्यावर बंदराबंदरांत फरक पडतो. दोन भरत्यांमधलं अंतर सव्वाबारा ते साडेबारा तास आणि रोजची वेळ पाऊण तासानं पुढे, एवढं लक्षात असलं की काल परवाच्या वेळेवरून कोणी सांगितलेली चूक लगेच कळते.

आत शिरताना:

१. तोंडाबाहेर खोल पाण्यात थांबा आणि किमान दहा मिनिटं लाटा मोजा. मोठ्या लाटा झुंडीनं येतात, मग थोडी उसंत मिळते.
२. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, डेकवरचं सामान बांधलेलं, दोर पंख्यापासून दूर.
३. झुंड गेल्यावर लाटेच्या पाठीवर राहून आत या. लाटेच्या पुढे पळू नका, तिच्यापुढे होडी आडवी होते आणि उलटते.
४. अर्ध्या वाटेत मन बदलू नका. वळायचं तर तोंडाबाहेरच.

सावधान: समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटेची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. म्हणून ती नेहमी लहान वाटते.

## ७. वादळाची चाहूल: नावाची वाट बघू नका

कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन, डीप डिप्रेशन, चक्रीवादळ ही चढती पायरी. नाव दिलं जातं ते वारा ३४ नॉटला पोचल्यावर. पण डिप्रेशनमध्येच १७ ते २७ नॉटचा वारा असतो आणि डीप डिप्रेशनमध्ये २८ ते ३३. ‘अजून वादळ झालेलं नाही’ म्हणेपर्यंत लहान नौकेची मर्यादा कधीच उलटून गेलेली असते. २०१७ मध्ये कन्याकुमारीजवळ २९ नोव्हेंबरला डिप्रेशन होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ओखी’ चक्रीवादळ झालेलं होतं. लांबवर गेलेल्या नौकेला परतायला चोवीस तास पुरत नाहीत.

परतीचा हिशोब असा करा. ६० सागरी मैल बाहेर आहात, वेग ८ नॉट, म्हणजे साडेसात तास. पण वारा आणि लाट समोरून आली की वेग ५ वर येतो आणि तेच अंतर बारा तासांचं होतं. बंदरात पोचायची वेळ इशाऱ्यातल्या वेळेच्या निदान बारा तास आधीची धरा. या उदाहरणात वारा वाढण्याच्या चोवीस तास आधी जाळं उचललं पाहिजे.

वादळाच्या मार्गाच्या नकाशातला पसरत जाणारा पट्टा केंद्र कुठे असू शकेल ते दाखवतो. वारा किती दूर जाणवेल ते त्यात नसतं. आपलं बंदर पट्ट्याबाहेर आहे म्हणून सुरक्षित, हा अर्थ चुकीचा.

बंदरातला बावटाही असाच चुकीचा वाचला जातो. १ आणि २ क्रमांकाचे बावटे दूर समुद्रातल्या धोक्याचे: एक म्हणजे दूरवर कमी दाबाची प्रणाली, दोन म्हणजे दूरवर वादळ तयार झालेलं. ३ आणि ४ खुद्द बंदराबद्दल बोलतात. लोक म्हणतात, ‘दोन नंबरच तर आहे, तीन लागला की बघू.’ पण बाहेर जाणाऱ्यासाठी पहिला आणि दुसरा हेच महत्त्वाचे, ते त्याच्याचसाठी लावलेले असतात. ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० महाधोक्याचे. ११ म्हणजे इशारा केंद्राशी संपर्क तुटला.

## ८. निघायच्या सकाळी

रात्री बघितलेला अंदाज सकाळी पुन्हा उघडा. दोन्हींत मोठा फरक असेल तर वाईट असेल तो धरा, आणि अंदाज डळमळीत आहे हीही एक माहितीच समजा.

हवेचा दाब लिहा. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी, फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. म्हणून सकाळच्या दहाशी दुपारच्या चारची तुलना करून घाबरू नका. कालच्या त्याच वेळेशी तुलना करा. ३ नं उतरला असेल तर संशय घ्या, ५ नं उतरला असेल तर परतीला लागा.

व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ (संकटाच्या हाकेचं) ऐकू येतंय का, संकट संदेश यंत्राची बॅटरी चालू आहे का, ते जेटीवरच बघा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक केबिनमध्ये रंगानं लिहून ठेवा. किनाऱ्यावरच्या एका माणसाला परतीची वेळ सांगा, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी त्यानं १५५४ लावायचा तेही सांगा. हा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात, आणि घरची माणसं ‘येतील आता’ म्हणत रात्र काढतात.

## ९. पाण्यावर असताना

दर तासाला वारा, लाट, दाब आणि आभाळ यांची एक ओळ लिहा. लागोपाठ दोन नोंदी अंदाजापेक्षा वाईट आल्या तर अंदाज चुकला असं समजून वळा. तिसऱ्या नोंदीची वाट बघू नका.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूला लक्ष ठेवा. घाटावर चढलेले ढग संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात आणि त्यांचा वारा पूर्वेकडून येतो, होडीला आत समुद्रात ढकलणारा. काळ्या ढगाखाली फिकट पट्टा दिसला आणि अंगाला अचानक गार वारा लागला तर हातात फक्त काही मिनिटं आहेत: शीड उतरवा, तोंड वाऱ्याला द्या, सगळ्यांना खाली बसवा. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर.

वादळ कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा तर वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. आपल्या गोलार्धात त्याचं केंद्र उजव्या हाताला, किंचित मागच्या बाजूला असतं.

परत आल्यावर नांगर टाकून झाला की त्याच वहीत अंदाजाशेजारी प्रत्यक्ष काय भेटलं ते लिहा: किती वाजता, कुठे, वारा किती, तोंडावर लाट कशी होती. एका मोसमात वीस-पंचवीस ओळी होतात आणि त्यांतून तुमच्या खाडीपुरतं एक गणित हाती येतं, जसं की नैर्ऋत्येची एक मीटरची स्वेल बारा सेकंदांच्या वर गेली की आपल्या पट्टीवर फुटते. पुढच्या मोसमात पहिल्या पायरीवरच्या मर्यादा दुरुस्त करायच्या त्या या ओळींवरून.